बाबल, दिवा हिरवा होता

तमाम मच्छीमार बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, या बंदरावरील भोंग्यावरून वारा, भरती, बर्फाची गाडी, हरवलेली वल्ही आणि कोणाची म्हैस कोणाच्या सुकत घातलेल्या जाळ्यावर बसली आहे, याबाबत अनेक वर्षे अधिकृत निवेदन करणारे श्री. बाबल, राहणार तोंडवली, यांनी आपला माईक, आपली खुर्ची आणि आपला देह, याच क्रमाने, सोडलेला आहे. बाब अत्यंत गंभीर असून संबंधितांनी तिची नोंद घ्यावी. सूचना संपली.

बाबल, ही सूचना मी काल क्लासचं दार लावून तुझ्या थाटात, नाकातून स्वर काढत वाचून पाहिली. जमली नाही. तू 'सूचना संपली' म्हटल्यावर माईक बंद करायला विसरायचास आणि मग सगळ्या बंदराला ऐकू जायचं, "कुंदा, चाय इली काय गो?" निम्मे लोक भोंगा त्यासाठीच ऐकायचे. तुला ते चांगलं ठाऊक होतं. विसरणंबिसरणं काही नव्हतं.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. माझी बडबड मध्येच तोडणारं आता मालवणात कोणी नाही. म्हणून ती आज पुरी करतो.

तू पहिल्यांदा क्लासात आलास तेव्हा माझ्याकडे तीन संगणक आणि पाच विद्यार्थी होते, आणि त्यांतले दोन पंख्याखाली बसायला यायचे. तू काठीने आधी टेबल चाचपलंस, मग खुर्ची, मग मला.

"मास्तरा, हो संगणक म्हणजे काय ता माका दाखय."

"तुका दिसना नाय मां रे?"

"तुका दिसता मां? मग तुका काय दिसता ता सांग. मी बगतंय."

बावीस वर्षांचा होईपर्यंत तू बापाबरोबर समुद्रावर जात होतास. मग काचबिंदूने दोन वर्षांत दोन्ही डोळे नेले. पुढची पंधरा वर्षं तोंडवलीच्या ओटीवर बसून बोटांनी चाचपत लोकांची फाटकी जाळी शिवलीस. हे तू मला एका दमात सांगितलंस, भरतीची वेळ सांगावी तसं, आणि लगेच विचारलंस, "हेचा बटान खंय आसा?"

मग मुंबईहून एका मित्राने स्क्रीन रीडर पाठवला. पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. होती ती नमुन्याची प्रत: चाळीस मिनिटं बोलायची, मग गप्प. पुन्हा बोलकी करायची तर सगळा संगणक बंद करून चालू करायचा. आवाज एका अमेरिकन बाईचा. मराठी अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून आपण मराठी इंग्रजी लिपीत टाईप करायचो आणि ती तुझ्या तोंडवलीला 'टॉन्डॅव्हॅली' म्हणायची. तू तिचं नाव मड्डम ठेवलंस. पहिल्या दिवशी तू इतका हसलास की कानातली वायर निघाली. महिन्याभरात मड्डम घोड्यासारखी धावायला लागली. मला तिचा एक शब्द कळायचा नाही आणि तू मान डोलावत म्हणायचास, "सावकाश बोलता बिचारी."

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीचा भोंग्यावरचा माणूस गोव्याला निघून गेला. तुझ्यासाठी मी अध्यक्षांच्या घरी सात वेळा गेलो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू सातही वेळांची नक्कल करायला लावली असतीस. माईकची खोली खाली, धक्क्याला लागून. फोन आणि कुंदाताई वर. कुंदाताई म्हणजे सोसायटीची कारकून, बोलायला तिखट, गुडघ्यांनी अधू. तिने वर सूचना टाईप करायची, वायरीने ती खाली तुझ्या संगणकावर यायची, मड्डमने तुझ्या कानात वाचायची आणि तू ती मालवणीत सगळ्या बंदराला सांगायची. वादळाचा इशारा आला तर त्याच वाटेने जाणार. म्हणजे समुद्रावरच्या माणसांचा जीव कुंदाताईच्या बोटांतून मड्डमच्या तोंडात आणि तिथून तुझ्या तोंडात.

आणि इथेच आपलं भांडण सुरू झालं. ते तू जाईपर्यंत मिटलं नाही.

माझं म्हणणं असं: मड्डम गप्प झाली असेल तर वर कुंदाताईला कळलं पाहिजे. तिच्या पडद्यावर एक ठिपका ठेवू. खाली स्क्रीन रीडर चालू असेल तर हिरवा, नसेल तर लाल. लाल दिसला की तिने पंधरा पायऱ्या उतरून सूचना तुला तोंडी सांगायची. हिरवा असेल तर गुडघ्यांना आराम. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

तू विचारलंस, "म्हणजे तुझो प्रोग्राम माझ्या खोलयेत वाकून बगतलो?"

"तुझ्यावर नाय रे, मड्डमवर लक्ष ठेवतलो."

"कित्या? सूचना सरळ अक्षरांत लिव. डोळेवालो डोळ्यांनी वाचीत, मी मड्डमकडसून वाचीन. आंधळ्यांची पंगत वेगळी कित्या मांडतंस?"

"पंगत वेगळी नाय. कुंदाताईक कळाक नको?"

"मग तिका सांग, माका इचार म्हणान. 'बाबल, आयकलंस?' इतक्याच. उद्या ती दिव्याकडे बगतली, माझ्याकडे नाय."

मी हसलो. आंधळा माणूस 'माझ्याकडे बघा' म्हणतो, यावर मी एक चांगलासा विनोद केला. तूही हसलास. दिवा बसला.

पहिला दिवा कसा बसला, ते आठवतं? संगणकाच्या पोटात एक पाटी असते. स्क्रीन रीडर चालू झाला की तिच्यावर लिहितो, 'मी आलो आहे.' जाताना पुसतो. माझा प्रोग्राम ती पाटी वाचायचा. उद्घाटनाला अध्यक्ष आले, हार आले, नारळ फुटला. आणि बरोबर त्या क्षणी मड्डम पाटी न पुसताच गचकली. वर दिवा हिरवागार. कुंदाताईने सूचना टाईप केली. खाली तू कानात वायर घालून बसलेला, अध्यक्ष तुझ्या तोंडाकडे बघत उभे, बाहेर साठ-सत्तर माणसं भोंग्याकडे मान वर करून. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग तू शांतपणे माईक ओढलास आणि भारदस्त आवाजात सांगितलंस, "कळविण्यात येता की, बाय मेली आसा. दिवो जिवंत आसा. सूचना संपली."

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकाची नांदी आहे.

नंतर धक्क्यावर बसून तू मला शिकवलंस, "मास्तरा, दारात चपला आसत म्हणान माणूस घरात आसा असा नाय."

मी दुसरी युक्ती केली. चालू असलेल्या प्रोग्रामांच्या यादीत स्क्रीन रीडरचं नाव शोधायचं. चाळीस मिनिटं झाली, मड्डमची वाचा बसली, पण नाव यादीत तसंच. पुन्हा हिरवा. मित्राने पुढची प्रत पाठवली, तिच्यात नावच बदललेलं. मड्डम घसा फोडून बोलतेय आणि दिवा लाल. कुंदाताई पायऱ्या उतरून आली आणि मला जे बोलली ते भोंग्यावरून सांगण्यासारखं नव्हतं.

तिसरी युक्ती खरी म्हणजे तुझीच. तू म्हणालास, "मड्डम वाचता तरी कशी? खिडकेक इचारता मां, तुझ्यार काय लिवलाला म्हणान? मग गप बस. कोण इचारता काय बग. इचारला म्हणजे आसा." मी थक्क झालो. अगदी असंच असतं ते. स्क्रीन रीडर प्रत्येक खिडकीला, प्रत्येक बटणाला विचारत फिरतो, तू कोण, तुझ्यावर काय लिहिलंय. पाटी बघू नये, नाव शोधू नये. विचारणा येते का एवढंच पाहावं. क्वचित भलताच कोणी प्रोग्राम विचारून जातो, पण ते निवडता येतं. मी तसं केलं. प्रत्येक विचारणेची नोंद एका फाईलमध्ये ठेवली. दिवा त्यानंतर कधी चुकला नाही. सहा वर्षं, बाबल, एकदाही नाही. मड्डम बोलत असली की हिरवा, गप्प झाली की मिनिटाभरात लाल. मी कुडाळ-कणकवलीपर्यंत लोकांना गाठून ही गोष्ट सांगत होतो. खारेपाटणच्या आमच्या सोयऱ्यांच्या लग्नात तर अक्षता पडायच्या आधी सांगितली.

आता पुढचं.

तू मड्डमचा वेग कमी केलास. मी म्हटलं, वय झालं. वायर उजव्या कानातून डाव्या कानात गेली. मी विचारलं नाही. चाळीस मिनिटांची अट नसलेला नवा, फुकटचा स्क्रीन रीडर आला, मी धावत तुझ्याकडे घेऊन आलो, आणि तू म्हणालास, "नको रे. मड्डमची सवय झाली हा." मला त्यात निष्ठा दिसली. घरी येऊन बायकोला सांगितलं, असा इमानी माणूस बघितला नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे तू माझं बोलणं मध्येच तोडायचं सोडलंस. मी दिव्याची बाजू मांडायचो आणि तू नुसता मान हलवायचास. मला वाटलं, इतक्या वर्षांनी मी जिंकलो.

तुला ऐकू येत नव्हतं.

सुमनवहिनींनी आता सगळं सांगितलं. उजवा कान आधी गेला, मग डावा. सकाळी मासळी घेऊन निघण्याआधी त्या तुझ्या डाव्या कानाला तोंड लावून ओरडून सांगायच्या: बर्फ कधी येणार, डिझेल आहे की नाही, कोणाची होडी दुरुस्तीला काढली. वारा तू गालावर घ्यायचास. भरतीची वेळ तिथीवरून काढायचास, बापाने शिकवली तशी. आणि दिवसभर तेवढ्यावर बोलायचास. दीड वर्ष! कुंदाताई वर टाईप करत होती एक आणि तू खाली सांगत होतास स्वतःच्या मनातलं, आणि ते दोन्ही इतकं जुळायचं की कोणाला संशय आला नाही. नटसम्राटांच्या या मुलखात एवढं मोठं नाटक कोणी केलं नसेल, आणि मी पहिल्या रांगेत बसून झोपलो होतो.

वहिनी म्हणाल्या, "भावजीनु, मी तेंका सांगी होतंय, मास्तरांक सांगा. तर म्हणत, सांगलंय तर माईक जातलो. डोळे गेले तेवा जाळी शिवलंय. कान गेले तर काय शिवू?"

त्या सकाळी, दिवाळी होऊन गेलेली, आकाश भलतंच पिवळं. कुंदाताईला फोन आला: वादळ येतंय, होड्या सोडू नका. तिने टाईप केलं. हिरवा दिवा बघितला आणि दुसऱ्या गावांना फोन लावायला बसली. दिवा हिरवा, म्हणजे सूचना पोचली. अर्धा तास झाला असेल. मग भोंगा बोलला, "बर्फाची गाडी दोपारा येतली. सूचना संपली."

कुंदाताई म्हणते, तिच्या हातातला रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला. गुडघे विसरून ती पंधरा पायऱ्या उतरली. तू कानात वायर घालून बसला होतास, समजल्यासारखी मान डोलावत.

"बाबलभाऊ, वादळ! वादळ सांगलंय मी तुमका!"

तू मान डोलावत राहिलास. तिने तुझा खांदा धरून कानात ओरडून सांगितलं, आणि मग तू माईक ओढलास. तो आवाज मी बाजारात ऐकला. थाट नव्हता, नाक नव्हतं. "फिरा रे. मागे फिरा. कोणी जाव नका."

पण तोंडवलीच्या पांडू तांडेलाची होडी त्या अर्ध्या तासात गेली होती. तो, त्याचा धाकटा भाऊ आणि दोन खलाशी. दोन दिवस पत्ता नाही. तू धक्क्यावर बसून होतास, भिजत, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला चाचपून विचारत होतास, "इले?" उत्तर तुला ऐकू येणार नव्हतं, म्हणून माणसं तुझा हात नुसता दाबत होती. तिसऱ्या दिवशी देवगडहून फोन आला. चौघे जिवंत होते. होडी फुटली होती आणि भावाचा पाय दोन फळ्यांत सापडून चिरडला होता. तो पुढे गुडघ्यातून काढावा लागला.

कुंदाताई एकच वाक्य बोलत होती, सोसायटीच्या समितीसमोर, माझ्यासमोर, भिंतीसमोर: "दिवो हिरवो होतो." आणि खरंच होता. माझा प्रोग्राम त्या दिवशीही चुकला नाही. मड्डम बोलत होती. तिने वादळ दोनदा वाचलं, फाईलमध्ये नोंद आहे. ऐकणारा आहे की नाही, हे कळण्याची सोय मी केली नव्हती. ती तू सुचवली होतीस, पहिल्याच दिवशी, आणि त्यावर मी विनोद केला होता.

तुला कोणी काढलं नाही. तूच अध्यक्षांच्या टेबलावर माईक नेऊन ठेवलास, वायर नीट गुंडाळून. त्यानंतर तोंडवलीला ओटीवर बसलास आणि बोलणंच सोडलंस. मी यायचो, तुझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचो. 'चूक माझी' असं मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा तू मूठ मिटलीस. एकदाच तोंड उघडलंस: "तेचो पाय माझ्यामुळे गेलो." तुझा आवाज तुलाच ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो पार समोरच्या वाडीपर्यंत गेला. जेवण कमी झालं, मग बंद झालं. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. लिहू देत.

गेल्या आठवड्यात सोसायटीने तुझा संगणक माझ्याकडे आणून टाकला. मी फाईल उघडली. विचारणांच्या नोंदी, ओळीखाली ओळ. आणि दर चाळीस मिनिटांनी एक खंड: संगणक बंद, पुन्हा चालू, पुन्हा विचारणा. दीड वर्ष. ज्या बाईचा एक शब्द तुला ऐकू येत नव्हता, तिला तू दर चाळीस मिनिटांनी उठवून बसवत होतास, मनगटावरच्या घड्याळाचे काटे चाचपत, कारण ती गप्प झाली असती तर वर माझा दिवा लाल झाला असता. माझ्या दिव्यापासून तू असा लपलास. मीच बांधलेल्या सोयीच्या मागे. क्लासातली पोरं कधी निघून गेली, कळलं नाही.

मी तुझ्यावर रागावलोही आहे, हे सांगून टाकतो. चार माणसं समुद्रात होती, बाबल. तू एक शब्द बोलला असतास तर मी भोंग्याखाली खाट टाकून बसलो असतो, तुझ्या तळहातावर वारा लिहीत. आणि हेही सांगतो की तुझ्याआधी मी पंख्याखाली बसणाऱ्यांना टाईप शिकवणारा एक माणूस होतो. दुसऱ्याला दिसतं काय, ऐकू येतं काय, याचा विचार करायला मला कोणी लावलं असेल तर तू.

परवा तुझा तेरावा झाला. ओटीवर पंगत बसली. पांडू तांडेल माझ्या समोरच होता, भाऊ त्याच्या शेजारी, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. पाच-सहा महिने मी त्या माणसासमोर उभा राहिलो नव्हतो. तू तर गेलाच होतास त्याच्या भावाच्या पायाचं ओझं घेऊन. मला वाटलं, निदान आज तुझ्या वतीने बोलावं. मी हात जोडले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं, "पांडू, त्या दिसाचो दोष बाबलचो नाय. भोंगो अर्धो तास उशिरा बोललो तो माझ्या दिव्यामुळे. तुझ्या भावाचो पाय माझ्यार आसा."

वहिनी भात वाढत होत्या. पांडूने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. आणि तो जवळजवळ ओरडलाच:

"खंयचो भोंगो घेवन बसलास, मास्तरानु? वादळ येतला ता आमका पाटेच रेडिओर समाजलेला! बांगड्याचो थवो दिसलो, म्हणान गेलंव!"